चार बोटं जागा

महादेवराव भोयरांच्या वहीत शब्द थोडे आणि मोकळी जागाच फार. परक्या माणसानं ती वही उघडली असती तर त्याला वाटलं असतं, लिहिणाऱ्याला मधूनमधून डुलकी लागत असावी. तसं नव्हतं. पारशिवनीजवळच्या आपल्या गावात चाळीस वर्षं भजनी मंडळ चालवलेल्या या माणसाची लिहायची रीतच वेगळी होती. एक शब्द लिहिला की त्यापुढे डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवायचं आणि बोटाच्या पलीकडून पुढचा शब्द सुरू करायचा. एक बोट जागा म्हणजे साधा श्वास. दोन बोटं म्हणजे श्वास घेऊन खंजिरीवर एक थाप. पेन्सिल, बोट, पेन्सिल, बोट, अशी ओळ पुढे सरकायची.

त्यात आणखी दोन खुणा असायच्या. शाळेत गणितात शिकलेलं लहान-मोठ्याचं कोनासारखं चिन्ह त्यांनी गाण्यासाठी उचललं होतं. कोन उजवीकडे उघडत गेला की आवाज उघडायचा, मिटत गेला की मिटायचा. हे कोणत्या शास्त्रात बसतं असं त्यांना कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याच्या हाती त्यांनी झांजा दिल्या असत्या आणि त्याला मागच्या ओळीत बसवलं असतं.

वर्षभरापूर्वी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांचा गळा खाल्ला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि मानेच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक छिद्र ठेवलं. त्या छिद्रावर महादेवराव एक रुमाल बांधत. रुमाल कसला, बायकोच्या जुन्या लुगड्याचा हिरव्या काठाचा तुकडा. श्वास घेतला की सुकं पान घासल्यासारखा आवाज यायचा आणि त्याची त्यांना भारी लाज वाटायची. कोणी भेटायला आलं की ते रुमालावर तळहात दाबून बसत. बोलणं सगळं पाटीवर, खडूनं.

त्यांचं एक गाणं मागे राहिलं होतं. तीन वर्षांपूर्वी केलेलं, मंडळापुढे कधी न म्हटलेलं. रुखमाबाई होत्या तोवर नवराबायको संध्याकाळी ओसरीत बसून ते म्हणत. दोन वर्षांपूर्वी रुखमाबाई गेल्या आणि गाणं वहीत मिटून राहिलं. चाल जुनीच, साऱ्या मंडळाला पाठ असलेली. पण कुठे थांबायचं, कुठे उघडायचं, हे आता फक्त त्या वहीला ठाऊक होतं, आणि वही लिहिणाऱ्याला आवाज नव्हता.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं होत होती. पौष पौर्णिमेनंतरच्या रविवारी कार्यक्रम ठरला आणि खंजिरी वाजवणारे बळीरामकाका हट्टाला पेटले, की महादेवरावांचं ते गाणं म्हणायचंच. महादेवरावांनी आठ दिवस पाटी कोरी ठेवली. नवव्या दिवशी लिहिलं, "जसं लिहिलं तसंच म्हणसान तं म्हणा."

आता यात काजल कशी आली ते सांगतो. काजल ही महादेवरावांची एकुलती एक मुलगी. नागपुरात धरमपेठेतल्या एका लहानशा कंपनीत ती वेबपेजं बनवते. मिठाईवाल्यांची, दातांच्या डॉक्टरांची, लग्नाच्या सभागृहांची. हात सराईत, मन मात्र कायम कुठेतरी हवेत. काम करता करता खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहील आणि चहा गार करून पिईल. लहानपणी ती विहिरीवरून रिकामी बादली घेऊन परत यायची. आई तिला "जागेपणी निजणारी" म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मंडळातले लोक पांगलेले. बळीरामकाका कोराडीच्या वीज केंद्रात पाळी करतात, पेटीवाले भैय्याजी पारशिवनीला असतात, बाकीचे इकडेतिकडे. वहीचे फोटो पाठवून पाहिले तर फिकी पेन्सिल कोणाला दिसेना. मजकूर मोबाइलवर पाठवला तर तो दुसऱ्या सकाळपर्यंत शुभप्रभातच्या गुलाबांखाली गाडला गेला. मग काजल म्हणाली, मी एक पान बनवते. पत्ता एकच, केव्हाही उघडा, अक्षर मोठं करा, आपापल्या जागी सराव करा.

बनवलं तिनं. एका दुपारी, दातांच्या डॉक्टरांचं काम आटोपल्यावर, अर्ध्या तासात. तिच्या मोठ्या पडद्यावर पान अगदी वहीसारखं दिसलं. मोकळ्या जागा जिथल्या तिथे होत्या, कोन उघडत होते, मिटत होते. बाबांचं पेन्सिलीतलं गाणं असं उजेडात बघून तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या कुठल्या फोनवर ते कसं दिसतं हे बघायचं मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी गावात सराव झाला. आठ माणसं, आठ फोन, आणि देवाच्या दयेनं आठ गाणी. पहिली ओळ, पेंच नदीला घातलेली हाक, सगळ्यांनी बरोबर उचलली, "पेंचबाई, हळू चाल वं." पुढे भैय्याजी कुठेच थांबेनात, कारण त्यांच्या फोनवर थांबायला जागाच नव्हती, शब्दाला शब्द चिकटून उभे. इकडे बळीरामकाकांच्या फोनवरून पूर्ण एक ओळ गायब. "दिवसभर राबून थकलं" असं बाकीचे आवाज उघडून म्हणू लागले तेव्हा काका पुढच्या ओळीवर पोचून त्यांची वाट बघत होते.

"अरे बाप्पा, तुम्ही कोठं गेले सारे?" बळीरामकाका म्हणाले.

"आम्ही इथंच आहोत गा. तूच कोठं पळून राहिला?" भैय्याजींनी पेटी थांबवली.

महादेवराव खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पाटी ओढली, तीन शब्द लिहिले, आणि पाटी सगळ्यांकडे फिरवली. "माह्यं गाणं नोहे." मग ते उठून घरी गेले. काजल मागून पोचली तोवर वही पत्र्याच्या पेटीत गेली होती आणि पेटीला कुलूप लागलं होतं. तिनं विनवण्या केल्या. त्यांनी पाटीवर एवढंच लिहिलं, "राहू दे. माह्यासंगं जाईन थे."

बाबा एकदा राहू दे म्हणाले की राहू देतात, हे तिला माहीत होतं. रविवारपर्यंत सात दिवस होते.

परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती बसली. दिवस मावळत होता. दूर कोराडीच्या चिमण्यांचा धूर आभाळात आडवा पसरला होता आणि त्यातून सगळं शेत मऊ दिसत होतं, तुरी, बांध, बगळे. काजलला कधी झोप लागली ते कळलं नाही.

स्वप्नातही बसच होती. पण सीटवर माणसांऐवजी बाबांच्या गाण्यातले शब्द बसले होते. 'पेंचबाई' पुढच्या सीटवर, नेसूचं सावरून. 'चांदणं' खिडकीशी. शब्दांच्या मधल्या सीट रिकाम्या होत्या आणि त्या रिकाम्या सीटवरून वारा येत होता, जात होता. मग कंडक्टर आला. त्याला तोंड नव्हतं, नुसता आवाज. "सरका, सरका. जागा मोकळी कायले ठेवता?" असं म्हणत तो शब्दांना एकमेकांवर ढकलत चालला. चांदणं चेंगरलं. काजल ओरडायला गेली तर तिच्याही गळ्यातून आवाज निघेना. तेवढ्यात कंडक्टर एका रिकाम्या सीटपाशी थबकला. तिच्यावर हिरव्या काठाचा रुमाल टाकलेला होता. कंडक्टरनं रुमालाकडे पाहिलं, मान हलवली, आणि ती सीट तशीच सोडून पुढे गेला.

"धरमपेठ कोणाचं?" खरा कंडक्टर ओरडला आणि काजल जागी झाली. उतरताना ती स्वतःशीच हसत होती. शेजारची बाई तिच्याकडे जरा सांभाळूनच बघत होती.

रुमाल. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हे तर नागपूरच्या माणसाला जन्मतःच येतं. रिकामी सीट रिकामीच समजली जाते. रुमाल असला की कोणीतरी येणार आहे.

सोमवारी दुपारी तिनं पान उघडलं आणि तिला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वेबपेजच्या भाषेत तो उघडता कोन म्हणजे ब्राउझरला दिलेला हुकूम सुरू झाला, आणि मिटता कोन म्हणजे हुकूम संपला. हुकूम दाखवायचा नसतो, पाळायचा असतो. तिच्या संगणकावरचा ब्राउझर समजूतदार निघाला. कोनापुढे मराठी अक्षर दिसताच त्यानं ओळखलं, हा हुकूम नव्हे, गाणं आहे. बळीरामकाकांच्या फोनवरचा, डेटा वाचवणारा ब्राउझर एवढा विचार करत नव्हता. कोन उघडल्यापासून मिटेपर्यंतचं सगळं त्यानं न समजलेला हुकूम म्हणून गिळून टाकलं. म्हणजे जिथे आवाज सगळ्यात मोठा व्हायचा, नेमकी तीच ओळ गेली.

मोकळ्या जागांचंही तेच. ब्राउझर शब्दांमधल्या कितीही जागा असोत, एकच ठेवतो. जागा जपायची सूचना तिनं सजावटीच्या वेगळ्या फाइलमध्ये दिली होती, आणि काही फोनांनी डेटा वाचवायला ती फाइल उघडलीच नाही.

यावरचा इलाज तिला पाठ होता. नवीन पोरींना तीच शिकवायची, की चिन्ह कच्चं लिहू नका, त्याचं ठरलेलं नाव लिहा, म्हणजे प्रत्येक ब्राउझर एकच अर्थ घेईल. उघडत्या कोनासाठी आधी अँपरसँड, म्हणजे इंग्रजी 'आणि'चं चिन्ह, मग एल, टी, आणि शेवटी अर्धविराम. जपून ठेवायच्या जागेसाठी अँपरसँड, एन, बी, एस, पी, अर्धविराम. दातांच्या डॉक्टरांच्या पानावर तिनं एकेक चिन्ह असं नियमानं लिहिलं होतं. बापाच्या गाण्याला मात्र घरचंच काम म्हणून कसंबसं उरकलं होतं. याची तिला लाज वाटली, खरोखरची, कान तापवणारी.

त्या लाजेतच तिनं घाईघाईनं सगळं बदललं, आणि बळीरामकाकांना फोन केला. काका चहाच्या सुट्टीत होते.

"काजल वं, ओळ तं आली परत," काका म्हणाले. "पण मधीमधी इंग्रजी अक्षरं चिकटली. 'एलटी दिवसभर राबून थकलं' असं म्हणू काय?"

काजलनं कपाळावर हात मारला. शेवटचे अर्धविराम तिनं लिहिलेच नव्हते. तिच्या समजूतदार ब्राउझरनं तेही चालवून घेतलं होतं. "नका म्हणू काका. थांबा, पाच मिनिटं द्या."

पाच मिनिटांची वीस झाली. यावेळी तिनं प्रत्येक नाव शेवटपर्यंत लिहिलं आणि ऑफिसातल्या साऱ्यांचे फोन मागून घेऊन, जुने, नवे, फुटक्या काचेचे, एकेकावर पान उघडून पाहिलं. सगळीकडे एकच गाणं.

"आता जमलं," काका फोनवर म्हणाले. "पण आधी काहून उडत होत्या जागा?"

"रुमाल नव्हता टाकला काका."

"आँ?"

"बसमधी जागा धरतो न आपण, तसं. आता प्रत्येक जागेवर रुमाल टाकला. कोणी नाही उचलत."

"हे समजलं मले," काका म्हणाले. त्यांनी गुरुवारपर्यंत सगळ्यांना तसं समजावलंही.

एक गोष्ट मात्र काजलनं कोणाला सांगितली नव्हती. गाण्याच्या मधोमध, "काठी चांदणं निजलं" या ओळीत, 'निजलं' नंतर वहीत चार बोटं जागा होती. चार बोटं! कुठल्याच भजनात एवढी जागा तिनं पाहिली नव्हती. धरून ठेवलेल्या जागेवर ओळ तुटत नाही, त्यामुळे लहान फोनवर पुढचा 'त्याले' पडद्याबाहेर जात होता. तिनं विचार केला, एवढा लांब श्वास कोण घेतं, आणि चारची एक केली.

शनिवारी ती गावी गेली. महादेवराव अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. तिनं फोन त्यांच्या हातात दिला. बराच वेळ ते बघत राहिले. उघडत्या कोनावर त्यांनी मान हलवली, मिटत्या कोनावर पुन्हा हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन आलं. मग ते 'निजलं' पाशी आले. त्यांनी डाव्या हाताची चार बोटं फोनवर टेकवली. 'त्याले' बोटांखाली झाकला गेला. त्यांनी बोटं उचलली, पुन्हा टेकवली, पुन्हा उचलली. आणि फोन शेंगांच्या टोपलीशेजारी ठेवून दिला.

"बाबा, फोनचा पडदा लहान आहे," काजल म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज फार मोठा वाटला. "एवढी जागा मावत नाही. आणि एवढा मोठा श्वास कोणाले लागते?"

महादेवरावांनी पाटी घेतली. लिहायला त्यांना फार वेळ लागला, शब्द तीनच होते.

"तुह्या मायले लागे."

काजल ओट्यावर बसली. आईचा दमा तिला माहीत होता, पण फोनवर आई नेहमी "मी बरी आहो वं" एवढंच म्हणायची. महादेवरावांनी कमरेच्या किल्लीनं पेटी उघडली, वही काढली आणि ते पान तिच्यापुढे धरलं. 'निजलं' च्या पुढे पेन्सिलीचे काळपट डाग होते. टाइप करताना तिनं ते पाहिले होते आणि मळ समजून सोडून दिले होते. आता तिनं वही उन्हात तिरकी धरली. डागांत अक्षरं होती. 'त्याले' हा शब्द आधी एका बोटावर लिहून खोडला होता. मग दोन बोटांवर लिहून खोडला होता. मग तीन बोटांवर.

बाबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "थे थांबे. मी थांबो."

दमा वाढत गेला तसतशी आई 'निजलं' म्हणून थांबायची, हिरव्या काठाचा रुमाल तोंडाला लावायची, श्वास गोळा करायची. आणि बाबा तिला न सांगता गाणंच सरकवून ठेवायचे, म्हणजे तिला वाटावं, गाण्यातच तेवढं थांबायचं आहे. काजल रडली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी रडली. महादेवराव शेंगा सोलत राहिले, आणि सोललेले दाणे त्यांनी तिच्या ओंजळीत टाकले.

मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि ओट्यावरच मांडी घातली. ओळ तिनं 'निजलं' च्या आधी तोडली, म्हणजे तिथून नवी ओळ सुरू होईल आणि जागा पुरेल. एका बोटाला चार, चार बोटांना सोळा जागा. एकदा लिहून सोळा वेळा चिकटवता आलं असतं. तिनं सोळाही हातानं लिहिल्या, जपमाळेचा एकेक मणी ओढावा तशा. अँपरसँड, एन, बी, एस, पी, अर्धविराम. प्रत्येक अर्धविराम तिनं नीट पाहिला.

महादेवरावांनी फोनवर चार बोटं टेकवली. 'त्याले' बोटांच्या पलीकडे, पूर्णच्या पूर्ण दिसत होता. त्यांनी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि पेटीचं कुलूप उघडंच राहू दिलं.

रविवारी दुपारी देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. महादेवरावांना पहिल्या ओळीत खुर्ची दिली होती. लोक येऊन पाया पडत होते आणि ते एक हात रुमालावर दाबून दुसऱ्या हातानं आशीर्वाद देत होते. काजल त्यांच्या बाजूला सतरंजीवर बसली. समोर आठ जण, आठ फोन. भैय्याजींनी पेटीवर सूर धरला.

"पेंचबाई, हळू चाल वं."

'दिवसभर राबून थकलं' वर आठ आवाज एकत्र उघडले. काजलच्या अंगावर काटा आला. तिनं हे गाणं असं सलग कधी ऐकलं नव्हतं आणि तरी तिला वाटलं, कुठल्या तरी संध्याकाळी, अर्धवट झोपेत, ते तिच्या कानावरून गेलं आहे. आवाज मिटत आले. उन्हात धूळ तरंगत होती. कोणाचं तरी लेकरू मांडीवर झोपलं होतं.

"काठी चांदणं निजलं."

आठही जण थांबले. बळीरामकाकांचा हात खंजिरीच्या वर तसाच राहिला. लोकांना वाटलं, विसरले. मागे कोणी खाकरलं, मग तेही गप्प झालं. काजल मनात मोजू लागली, एक बोट, दोन बोटं.

तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. सुका, बारीक, घासल्यासारखा. साऱ्या मांडवात तेवढाच एक आवाज होता. तिनं वळून पाहिलं. बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मानेवरचा हिरव्या काठाचा रुमाल हळूच वर आला, थांबला, आणि परत खाली बसला. आईसाठी धरून ठेवलेल्या जागेत बाबा श्वास घेत होते, सगळ्या गावासमोर, लपवल्याशिवाय.

मग बळीरामकाकांची थाप पडली आणि आठही जणांनी पुढचा शब्द उचलला. "त्याले जागं नको करू वं."